ट्युबावर पोट भरायचं तर: एकच खुर्ची धरायची की सगळीकडे वाजवायचं?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे चोवीस वर्षांचे आहेत, ट्युबावादनातलं (ट्युबा म्हणजे पितळी फुंकवाद्यांतलं सगळ्यात खालच्या सुराचं वाद्य) पदव्युत्तर शिक्षण संपत आलंय. दोन ऑर्केस्ट्रांच्या ऑडिशन दिल्या, दोन्हीकडे पहिल्याच फेरीत बाहेर पडले. त्यांचे शिक्षक म्हणतात, बाकीचं सगळं बंद कर आणि ऑडिशनला विचारले जाणारे ऑर्केस्ट्रा-संगीतातले उतारे घोट. मित्र म्हणतात, जॅझ वाजव, ब्रास क्विंटेट (पाच पितळी वाद्यांचा संच) काढ, नाटकाच्या पिटमध्ये (रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात) बस, शिकवण्या घे. एका खुर्चीमागे, म्हणजे ऑर्केस्ट्रातल्या कायमच्या जागेमागे, धावलं तर ती मिळेल याची खात्री नाही, आणि सगळीकडे हात मारला तर एक ना धड भाराभर चिंध्या. शेवटी त्यांनी एक ओळ हळूच घातली आहे: 'शिकवायला लागलो तर लोक म्हणतील, याला वाजवता आलं नाही.'

तीसेक वर्षं मी ट्युबा वाजवून आणि शिकवून जगतोय. काही वर्षं कायमच्या खुर्चीवर, बरीच वर्षं बदली वादक म्हणून, शिवाय पिट, स्टुडिओ, ब्रास बँड, नाचाच्या संगीताचे बँड आणि चालत वाजवायच्या मिरवणुका. तेव्हा उत्तर अनुभवाचं आहे, पण माझ्या अनुभवाचं आहे. तेवढी सूट धरूनच वाचा.

आधी आकडेमोड करू, कारण ती कुणी तोंडावर सांगत नाही. ऑर्केस्ट्रात व्हायोलिनवाले डझनांनी असतात, ट्रॉम्बोन तीन, ट्युबा एक. त्या एकावर बसलेला माणूस सहसा लवकर उठत नाही. ट्युबावादक आर्नल्ड जेकब्स शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्रात १९४४ ला बसले आणि १९८८ ला उठले. म्हणजे ४४ वर्षांत किती पिढ्यांचे ट्युबावादक शिकून तयार झाले असतील, आणि ती खुर्ची काही रिकामी झाली नाही. त्यात आपलं वाद्य वयानं लहान. बर्लिनमध्ये वीप्रेख्त आणि मोरित्झ यांनी बास ट्युबाचं पेटंट घेतलं ते १८३५ साली. तोवर मोझार्ट, बीथोव्हन होऊन गेले होते, त्यामुळे त्यांच्या संगीतात आपल्याला जागाच नाही. ब्राम्सच्या चार सिंफनींपैकी फक्त दुसरीत ट्युबा आहे. द्वोर्झाकच्या नवव्या सिंफनीत आपण फक्त दुसऱ्या भागात वाजवतो, मोजून १४ स्वर. बाकीचा वेळ वाद्य मांडीवर घेऊन बसायचं आणि विश्रांतीची मापं (तालाची आवर्तनं) मोजायची. (ते चौदा स्वर मात्र ट्रॉम्बोनांच्या खाली इतके उघडे असतात, की एखाद्या अख्ख्या सिंफनीपेक्षा त्यांची धास्ती जास्त वाटते.)

हे घाबरवायला सांगत नाही. कॅरल जान्श यांना २००६ मध्ये फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रात ट्युबाची जागा मिळाली तेव्हा त्यांचं शिक्षणसुद्धा पुरं झालं नव्हतं. जागा निघतात आणि मिळतात. फक्त त्या तुमच्या सोयीच्या वेळी निघत नाहीत. जागा निघेपर्यंतची वर्षं तुम्ही काय करत होतात, यावर तुम्ही त्या दिवशी कसे वाजवाल हे ठरतं.

म्हणून मला तुमचा प्रश्न 'एक की अनेक' असा वाटतच नाही. बोलावणाऱ्याचा पहिला फोन नशिबानंही येतो: कुणी आजारी पडतं, कुणी तुमचं नाव सुचवतं. दुसरा फोन कशामुळे येतो, हा खरा प्रश्न. आणि माझ्या पाहण्यात तो 'याला बारा प्रकार येतात' म्हणून कधीच आला नाही. 'हा बसला की खालची बाजू भक्कम होते' म्हणून आला. बहुपैलू वादक म्हणजे बारा कला अंगात असलेला माणूस नव्हे. एकच पक्का खर्ज घेऊन बारा खोल्यांत जाणारा, आणि प्रत्येक खोलीत तो किती ठेवायचा हे कळणारा माणूस.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते कबूल करतो. तुम्ही कुठे राहता, यावर बरंच. काही देशांत लष्करी बँड ही ट्युबावादकासाठी सगळ्यात भरवशाची पगारी नोकरी आहे आणि तिथे ट्युबाच्या जागाही एकाहून जास्त असतात. काही ठिकाणी ब्रास बँडची परंपरा इतकी घट्ट आहे की हौशी बँडमध्येही वाजवण्याचा दर्जा व्यावसायिक असतो. ट्युबा वेगवेगळ्या पट्ट्यांत येतो: जर्मन ऑर्केस्ट्रात एफ ट्युबा आणि मोठा बी-फ्लॅट ट्युबा चालतो, अमेरिकेत सी ट्युबा, ब्रिटनमध्ये ई-फ्लॅट. त्यामुळे 'कोणता ट्युबा घेऊ' याचं एकच उत्तर नाही. घरची जबाबदारी किती, प्रवास किती झेपतो, पाठ कशी आहे, यावरही अवलंबून. आणि स्वभावावर. दर आठवड्याला नव्या माणसांत जाऊन बसणं काहींना टॉनिक असतं, काहींना त्याच गोष्टीनं झोप लागत नाही. तुमचा स्वभाव मला माहीत नाही. तुम्हाला माहीत असेल तर त्याला खोटं पाडायला जाऊ नका.

'सगळीकडे हात मारणं' हे तुम्ही जरा हिणवल्यासारखं लिहिलंय, म्हणून दोन नावं सांगतो. ट्युबावादक विल्यम बेल अमेरिकेतल्या सूसांच्या प्रसिद्ध बँडमध्ये वाजवत होते. पुढे निर्देशक तोस्कानिनींच्या हाताखाली एनबीसी सिंफनीत, मग न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये, आणि अखेरीस इंडियाना विद्यापीठात शिकवायला. त्यांचे शिष्य हार्वी फिलिप्स यांची सुरुवात सर्कशीच्या बँडमधून झाली. पुढे ऑपेरा आणि बॅलेच्या ऑर्केस्ट्रा, न्यूयॉर्क ब्रास क्विंटेट, स्टुडिओ, आणि १९७१ पासून गुरूंच्याच जागी इंडियानात अध्यापन. शेकडो ट्युबावादकांनी एकत्र जमून नाताळची गाणी वाजवायची, ही १९७४ साली सुरू झालेली प्रथाही त्यांचीच. या दोघांना आपल्या क्षेत्रात कुणी 'कुठेच न टिकलेले' म्हणत नाही. ट्युबाच्या घराण्याचे ते कुळपुरुष आहेत. सर्कशीचं नाव ऐकून हसू येईल, पण घोडा वेळेआधी रिंगणाबाहेर गेला तर बँडला मध्येच पान उलटून पुढचं संगीत उचलावं लागतं. नजर टाकताच वाजवण्याची याहून कडक शाळा मला माहीत नाही.

आता गाभ्याकडे येतो. प्रत्येक खोलीत काय बदलतं आणि काय बदलत नाही?

न बदलणाऱ्या गोष्टी तीन: आवाज, लय, सूर. यातली लय आपल्या वाद्यावर विशेष अवघड आहे, आणि का, ते विद्यार्थ्यांना पुरेसं सांगितलं जात नाही. ट्युबाचं तोंड वर, छताकडे. आवाज आधी वर जातो, मग सभागृहात पसरतो. शिवाय खर्जाचा स्वर उभा राहायलाच क्षणभर जास्त लागतो. तुमच्या कानाला तुम्ही ट्रम्पेटबरोबर वाजवताय असं वाटतं, आणि निर्देशकाच्या कानाला तुम्ही मागे असता. म्हणून ट्युबावादकाला ठोक्याच्या किंचित आधी निघायची सवय लावावी लागते. घाई न करता आधी निघणं, ही गोष्ट लिहायला एक ओळ आणि अंगात यायला पाच वर्षं.

सुराचंही तसंच. प्रत्येक व्हॉल्व्हची (बोटानं दाबायच्या कळीची) नळी तो एकटा दाबला तर बरोबर लांबीची असते. दोन-तीन एकत्र दाबले की नळी हवी त्यापेक्षा आखूड पडते आणि स्वर चढतो. चौथा, पाचवा व्हॉल्व्ह त्यासाठी असतात, आणि तरीही डाव्या हातानं वाजवता वाजवता स्लाइड (सरकणारी नळी) ओढत राहावं लागतं. हे यंत्राच्या भरवशावर सोडणारा वादक मी दोन मिनिटांत ओळखतो, कारण त्याच्या वर बसलेले ट्रॉम्बोन अस्वस्थ दिसायला लागतात. जमीनच हलली तर वरचे कुठे उभे राहणार?

बदलतं ते प्रमाण. ऑर्केस्ट्रात तुमचा स्वर रुंद हवा, ट्रॉम्बोनांच्या खाली गादीसारखा पसरलेला. क्विंटेटमध्ये तोच आवाज नेलात तर चौघं बुडतात. मी बुडवलेत. पहिल्या क्विंटेटच्या तालमीला मी माझा सगळ्यात मोठा ट्युबा घेऊन गेलो होतो, कारण तेव्हा माझ्याकडे दुसरा नव्हता आणि अक्कलही नव्हती. हॉर्नवाल्या बाईंनी वाद्य मांडीवर ठेवून शांतपणे विचारलं, 'आम्ही थांबलो तर चालेल का तुम्हाला?' त्या दिवशी कळलं की क्विंटेटमध्ये स्वराची सुरुवात स्पष्ट हवी आणि शेपूट आखूड.

जॅझमध्ये आणखी निराळं. तिथे तुम्ही डबल बेसच्या जागी आहात. तारेचा स्वर छेडला की लगेच विरायला लागतो, आपला फुंकत राहिलं तर तसाच जाडजूड टिकतो. म्हणून स्वराला सुरुवातीला वजन द्यायचं आणि मग तो सोडायचा. आणि श्वासाचं काय? चालत्या बेसला दर मापात चार स्वर, मध्ये विश्रांती नाही, आणि बेसवाल्याला फुप्फुसं लागत नाहीत, आपल्याला लागतात. कुठलातरी स्वर टाकावाच लागतो. नवशिके दमले की तिथेच टाकतात. मी विद्यार्थ्यांना सांगतो की मापाचा पहिला स्वर टाकायचा नाही हे तर उघड आहे, पण कॉर्ड (स्वरसंगती) बदलायच्या आधीचा शेवटचा स्वरही टाकू नका. तोच ऐकणाऱ्याला पुढच्या घरात नेतो. मधला एखादा सोडा, आणि दर वेळी तोच नको, नाहीतर लंगडल्यासारखं ऐकू येतं. या कामाची परंपरा जुनी आहे. बिल बार्बर जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९४९-५० च्या नऊ जणांच्या बँडमध्ये ट्युबावर होते. हॉवर्ड जॉन्सन यांनी तर ट्युबावाल्यांचाच जॅझ बँड उभा केला. न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यांवर सूसाफोन (अंगाभोवती घालून चालत वाजवायचा ट्युबा) आजही अख्खा बँड ओढत नेतो.

पिटमधली अडचण संगीताची कमी आणि जागेची जास्त. तिथे मी दीड खुर्चीच्या जागेत अडीच तास बसून हळू आवाजात वाजवायला शिकलो. हळू पण बारीक नव्हे. स्टुडिओत उलट: एकदाच वाजवायचं, पण मायक्रोफोनला व्हॉल्व्हची खटखटही ऐकू जाते. १९७५ च्या 'जॉज' या चित्रपटातला ट्युबाचा सोलो टॉमी जॉन्सन यांनी वाजवलेला आहे. तो इतका वरच्या पट्टीत आहे की अनेकांना तो फ्रेंच हॉर्न वाटतो. स्टुडिओचा ट्युबावादक खालचंच वाजवतो, या समजाला तो एक सोलो पुरे.

आता तुमच्या ऑडिशनकडे. पहिल्या फेरीत पडद्यामागे काय होतं? परीक्षक मंडळी सकाळपासून तोच वाग्नरच्या 'माइस्टरझिंगर' ऑपेराचा पूर्वरंग, तीच त्याच्या वॉल्क्यूरींची स्वारी, तोच बर्लिओझचा हंगेरियन मार्च ऐकत असतात. संगीताची खोली वगैरे नंतरच्या फेऱ्यांत. पहिल्या फेरीत ते नाही म्हणायला कारण शोधत असतात, आणि ते बहुतेकदा लय किंवा सूर यांतच सापडतं.

माझी गोष्ट सांगतो. मी तुमच्याच वयाचा असताना एका ऑर्केस्ट्राच्या ऑडिशनमध्ये असाच बाहेर पडलो. वर्षभर उतारे घोटले होते. नंतर घरी केलेलं स्वतःचं ध्वनिमुद्रण ऐकलं. माइस्टरझिंगरमध्ये प्रत्येक श्वासानंतर मी धावत होतो. श्वासाला वेळ लागत होता, तो वेळ मी पुढच्या स्वरांतून कापत होतो, आणि मग उशीर झाला म्हणून पळत होतो. वर्षभर रोज वाजवताना हे मला ऐकू आलं नव्हतं, कारण खोलीत मी एकटाच होतो आणि माझी लय माझ्याबरोबरच पळत होती.

ते दुरुस्त कुठे झालं? आणखी उतारे घोटून नाही. पैशाची चणचण होती म्हणून एका नाचाच्या बँडमध्ये दोन महिने वाजवलं. ड्रमर माझ्या वडिलांच्या वयाचा. तो कुणासाठी थांबत नसे. पहिल्या आठवड्यात प्रत्येक श्वासानंतर मी समेला चुकत होतो आणि तो हसत होता. तिसऱ्या आठवड्यात अंगानंच तोडगा काढला: श्वास चोरायचा तो मागच्या स्वराच्या शेपटातून, पुढच्या स्वराच्या वेळेतून नाही. पुढच्या ऑडिशनला तोच उतारा वाजवला आणि शेवटच्या फेरीपर्यंत गेलो. तेव्हापासून 'बाकीचं सगळं बंद कर' हा सल्ला मी कुणाला देत नाही. तुमच्या शिक्षकांचा अनादर करायचा नाही, त्यांच्या सल्ल्यामागची काळजी बरोबरच आहे. पण ऑडिशनमध्ये जी लय मोजली जाते ती खोलीत एकट्यानं वाजवून येत नाही.

मित्रांचं म्हणणंही मी पूर्ण मान्य करत नाही. एका हंगामात मी कशालाच नाही म्हटलं नाही. बास ट्रॉम्बोन उचलला, कुणीतरी चिंबासो (खालच्या सुराचं, ट्रॉम्बोनसारखं दिसणारं व्हॉल्व्हचं वाद्य) दिला तोही वाजवला, आठवड्यातून पाच संध्याकाळी बाहेर. पैसे बरे मिळाले. हंगाम संपला तेव्हा माझा खर्ज भुसभुशीत झाला होता, वाळूवर पाय ठेवावा तसा. मला कळलं नव्हतं. माझ्या जुन्या शिक्षकांनी एक स्वर ऐकून विचारलं, 'घरी वाजवलंस कधी शेवटचं?' कामावर वाजवणं आणि रियाज यांतला फरक इतका साधा आहे, आणि तरी तो विसरायला होतो. त्यानंतर नियम केला: कितीही काम असो, दिवसाचा पहिला पाऊण तास माझा. लांब स्वर, हळू सरगमी, गाता येईल अशी एखादी चाल, सगळं खालच्या सप्तकात. तो पाऊण तास जाणार असेल तर ते काम घ्यायचं नाही. तीस वर्षांत हा नियम मी मोडलाय, पण सलग आठवडाभर कधी नाही.

वाद्यांबद्दल थोडक्यात, कारण यात लोक फार पैसा घालवतात. एक मोठा ट्युबा (सी किंवा बी-फ्लॅट, तुमच्याकडे जे चालतं ते) आणि एक लहान (एफ किंवा ई-फ्लॅट). बाकी सगळं उसनं किंवा भाड्यानं. चिंबासो वेर्दीच्या ऑपेरात आणि हल्ली चित्रपटांत लागतो, पण तो घरात पडून राहील. युफोनियम (ट्युबाचा लहान, वरच्या सुराचा भाऊ) मात्र येत असू द्या. मुसोर्गस्कीच्या 'चित्रांचं प्रदर्शन' या रचनेचं १९२२ मध्ये राव्हेलनं ऑर्केस्ट्रासाठी रूपांतर केलं, त्यातल्या बैलगाडीचा सोलो लहान फ्रेंच ट्युबासाठी लिहिलाय आणि तो आपल्या मोठ्या वाद्यावर छातीवर धोंडा ठेवल्यासारखा वाटतो. अनेक जण तो युफोनियमवरच वाजवतात.

दुसरा ट्युबा शिकताना एक घोटाळा होतो. ऑर्केस्ट्रात आपल्यापुढे खरा स्वरच लिहिलेला येतो, त्यामुळे वाद्याची पट्टी बदलली की बोटं बदलतात. हिशेब करत वाजवू नका. 'सी वर हे, म्हणून एफ वर ते' असं मनात भाषांतर करणारा माणूस पिटमध्ये दुसऱ्या पानावर कोसळतो. नवी भाषा शिकावी तसं शिका: कानानं ऐकलेल्या सोप्या चाली त्या वाद्यावर शोधायच्या, कागदाशिवाय, महिनाभर. ब्रास बँडमध्ये उलट सोय आहे, तिथे ट्युबाचंही संगीत वरच्या क्लेफमध्ये (उंच स्वरांच्या लेखनखुणेत) बदलून लिहितात म्हणजे बोटं तीच राहतात. ज्यानं ते कधी वाचलेलं नाही तो पहिल्या तालमीत गोंधळतो, तेव्हा फोन यायच्या आधीच एकदा वाचून ठेवा.

इथवरचं एकदा गोळा करतो: ऑडिशन सोडू नका, पण तिच्यासाठी बाकीचं सोडू नका. रोजचा पाऊण तास सोडू नका, त्याच्या आड येणारं काम सोडा. दोन ट्युबा पुरेत. आता उरलं शिकवणं, आणि त्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

'वाजवता आलं नाही म्हणून शिकवतो' हे वाक्य ट्युबाच्या जगात टिकत नाही. जेकब्स ती ४४ वर्षं शिकवतही होते, आणि त्यांच्याकडे श्वास शिकायला ट्रम्पेटवाले, हॉर्नवाले, लाकडी सुषिर वाद्यांचे लोकही येत. त्यांच्या स्वतःच्या फुप्फुसांची क्षमता सर्वसामान्यांपेक्षा कमी होती, हे विशेष. बिल बार्बर पुढे शाळेत संगीत शिकवत. पण मोठ्या नावांची ढाल कशाला, माझंच सांगतो.

शिकवायला मी पैशासाठी लागलो. वाजवण्याचा पैसा पावसासारखा येतो, कधी धो धो, कधी महिनाभर आभाळ कोरडं. शिकवण्या म्हणजे विहीर. फार नाही, पण दर आठवड्याला पाणी लागतं. पहिल्या दोन वर्षांत मी वाईट शिक्षक होतो. माझ्या शिक्षकांची वाक्यं तशीच्या तशी पुढे ढकलत होतो. 'पोटातून फुंक', 'घसा उघड', 'आधार दे'. मुलं मान हलवत, आणि खांदे कानांपर्यंत वर येत.

मग एक बारा वर्षांची मुलगी आली. वाद्य तिच्यापेक्षा मोठं दिसत होतं. तिनं विचारलं, 'स्वर वाजवायच्या आधी तो कुठे आहे हे तुम्हाला कसं कळतं?' मी म्हटलं, ओठांनी कळतं. ती म्हणाली, 'पण ओठांना कसं कळतं?' माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिला म्हटलं, चल, आधी गाऊन बघू. ती गायली, मग वाजवलं, आणि स्वर पहिल्या खेपेला बरोबर जागी लागला. मी घरी जाऊन माझे सगळे उतारे गाऊन पाहिले. तीन जागा अशा सापडल्या, जिथे मला काय ऐकू यायला हवं हेच माहीत नव्हतं. बोटांना माहीत होतं, कानाला नाही. वर्षानुवर्षं त्याच तीन जागी स्वर फुटत होता आणि मी ओठांना दोष देत होतो. जेकब्स आयुष्यभर हेच सांगत आले, की स्नायूंचा विचार सोडा, डोक्यात गाणं ठेवा आणि वारा सोडा. मी ते शंभरदा वाचलं होतं. कळलं ते त्या मुलीमुळे.

तेव्हापासून माझ्या वर्गात शरीरशास्त्र जवळजवळ बंद आहे. नवशिक्याला भिंतीशी एक कागद धरून फुंकेनं तिथेच टिकवायला सांगतो. हवा किती आणि कशी सोडायची, हे त्यात शब्दांवाचून कळतं. लहान मुलांना युफोनियमवर किंवा लहान ई-फ्लॅटवर सुरू करतो, आणि वाद्य स्टँडवर ठेवतो. मुलानं वाद्याला मिठी मारून वर ताणून वाजवायचं नाही, वाद्यानं मुलाच्या तोंडापाशी यायचं. पाठदुखीची आणि आवळलेल्या गळ्याची निम्मी प्रकरणं तिथेच मिटतात.

शिकवण्याची शिस्त एकच सांगतो, कारण माझी एकदा त्यावरून चांगलीच मानहानी झाली आहे. वाजवण्याचं काम आलं की शिकवणी रद्द करायची, ही आपल्यातली जुनी खोड. मी एका विद्यार्थ्याला लागोपाठ तीनदा पुढे ढकललं. चौथ्या वेळी त्याच्या आईनं फोनवर एवढंच म्हटलं, 'तुम्हाला वेळ होईल तेव्हा आम्हाला कळवा, तोवर आम्ही दुसरे सर बघतो.' तेव्हापासून शिकवण्याचे दोन दिवस ठरलेले आहेत. त्या दिवशी मोठं काम आलं तरी आधी विद्यार्थ्याची वेळ बदलून मिळते का ते विचारतो, मिळाली तरच हो म्हणतो. आणि एक: शिकवण्याचा मनापासून कंटाळा असेल तर खरंच शिकवू नका. मुलांना तो पाच मिनिटांत कळतो. दुसरं स्थिर उत्पन्न शोधा, स्वरलेखन करा, ग्रंथालयात काम करा, काहीही.

किरकोळ म्हणून राहून जाणाऱ्या पण दुसरा फोन ठरवणाऱ्या गोष्टीही आहेत. अर्धा तास आधी पोचा, ट्युबाला जिने चढायला वेळ लागतो. म्यूट (आवाज दाबायला वाद्याच्या तोंडात घालायचं बूच) न्या, पेन्सिल न्या. विश्रांतीची मापं स्वतः मोजा, शेजाऱ्याच्या भरवशावर राहू नका, तोही तुमच्या भरवशावर असू शकतो. कान जपा. आपण ट्रॉम्बोनांच्या शेजारी आणि तालवाद्यांच्या आसपास बसतो, आणि ट्युबावादकाचे कान गेले की सुराचा धंदाच संपला. मी चाळिशीपर्यंत कानात घालायचे प्लग वापरले नाहीत. आता उजव्या कानात रात्री एक बारीक शिट्टी वाजत असते, कायमची.

आता तुमच्यासाठी नेमकं. पुढची ऑडिशन कधी आहे ते बघू नका, आज काय हाताशी आहे ते बघा. एक क्विंटेट धरा, नियमित तालीम करणारं, कारण तिथे सुराला लपायला जागा नाही. एक असा बँड धरा, जिथे ड्रमर आहे आणि तुम्ही बेस आहात. दोन किंवा तीन विद्यार्थी घ्या, जास्त नको. उतारे आठवड्यातून चार दिवस, पण त्यातला एक दिवस फक्त गाऊन आणि एक दिवस ध्वनिमुद्रण करून, ते दुसऱ्या दिवशी ऐकायचं. त्याच दिवशी ऐकलं तर आपण स्वतःशी फार प्रेमानं वागतो. सहा महिन्यांनी पुन्हा ऑडिशनला जा.

त्या दोन ऑडिशनांत कोणते उतारे होते आणि तुम्ही ते कोणत्या ट्युबावर वाजवलेत, ते कळवलंत तर लयीचं दुखणं आहे की सुराचं, याचा अंदाज मला बराच नेमका बांधता येईल. घरी केलेलं एखादं ध्वनिमुद्रण असेल तर तेही पाठवा, न सजवलेलं.